मणिबेलीचा चढाईपटू आणि प्रो कबड्डीच्या जागा

प्रो कबड्डी लीगमध्ये १२ संघ आहेत आणि प्रत्येक संघाला १८ ते २५ खेळाडू ठेवता येतात. म्हणजे देशभरातल्या कबड्डीपटूंसाठी मिळून जागा कमीत कमी २१६ आणि जास्तीत जास्त ३००. त्यांतल्या काही इराण आणि इतर देशांच्या खेळाडूंकडे जातात, आणि उरलेल्यांपैकी बऱ्याचशा आधीच्या हंगामातल्याच खेळाडूंना पुन्हा मिळतात. २०१४ मध्ये लीग आठ संघांवर सुरू झाली, २०१७ मध्ये चार संघ वाढले आणि त्यानंतर संघांची संख्या तेवढीच राहिली. एखादा होतकरू मुलगा व्यावसायिक संघात जाईल का, या प्रश्नाला हात घालताना ही संख्या आधी समोर ठेवावी लागते. मुलाकडे पाहायचे ते त्यानंतर. गावातल्या जत्रेच्या सामन्यात एकट्याने लोण चढवणाऱ्या मुलाला पाहून पहिला उद्गार निघतो तो जागांचा हा हिशेब विसरून.

मणिबेली हे अशा मुलासाठी सर्वांत अवघड ठिकाणांपैकी एक. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या उतारावर नर्मदेला लागून असलेले हे आदिवासी गाव सरदार सरोवराच्या बुडितात आलेले महाराष्ट्रातले पहिले गाव म्हणून ओळखले जाते. धरणाच्या पाण्याने गाव विखुरले. काही कुटुंबे पुनर्वसनात गेली, काही डोंगरावर वर सरकली, आणि बाहेर पडायला बोट हाच पुष्कळदा सोयीचा मार्ग राहिला. नर्मदा बचाव आंदोलनाने खोऱ्यात चालवलेल्या जीवनशाळांचा दरवर्षी बालमेळा भरतो. त्यात धावणे, तिरंदाजी आणि खो-खोबरोबर कबड्डीही असते. इथल्या अनेक मुलांचा संघ करून खेळण्याचा पहिला अनुभव हाच. पुढच्या इयत्तांसाठी मूल आश्रमशाळेत जाते आणि तिथून खेळाची खरी शिडी सुरू होते.

या शिडीला दोन बाजू आहेत. एक आदिवासी विकास विभागाची. तीत आश्रमशाळांच्या स्पर्धा आधी तळोदा प्रकल्पात, मग नाशिक विभागात आणि नंतर राज्य पातळीवर होतात. दुसरी क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धांची. तिथे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असा क्रम असतो. या दोन्हींपासून वेगळी, आणि व्यावसायिक संघांच्या दृष्टीने अधिक वजनाची वाट महाराष्ट्र राज्य कबड्डी असोसिएशनची: १६ वर्षांपर्यंतचा किशोर गट, २० वर्षांपर्यंतचा कुमार गट आणि मग पुरुष गट. जिल्हा संघात निवड झाली की खेळाडू राज्य अजिंक्यपद स्पर्धेत दिसतो, आणि पारखी नजरा तिथे असतात. आश्रमशाळेत चमकलेला मुलगा जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीला पोहोचलाच नाही, असे होऊ शकते. चाचणी जिल्ह्याच्या ठिकाणी असते, मणिबेलीहून एका दिवसात जाऊन येणे कठीण, आणि सोबत जाणाऱ्या शिक्षकाच्या रजेवर सगळे अवलंबून. म्हणून पारख करणाऱ्याचा पहिला प्रश्न कौशल्याचा नसावा. हा मुलगा आतापर्यंत कोणाविरुद्ध खेळला आहे, हे आधी विचारावे. कमजोर संघांविरुद्ध मिळवलेल्या वीस गुणांपेक्षा नाशिक किंवा अहिल्यानगरच्या जिल्हा संघाविरुद्ध मिळवलेले चार गुण अधिक सांगून जातात.

दुसरा प्रश्न वयाचा, आणि तो वाटतो तितका सरळ नाही. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले त्याच वयोगटात उशिरा जन्मलेल्यांपेक्षा काही महिन्यांनी मोठी असतात, आणि बारा-तेराव्या वर्षी तेवढा फरकही ताकदीत दिसतो. कॅनडातल्या आइस हॉकीवरच्या १९८५ च्या अभ्यासापासून हा कल अनेक खेळांत नोंदला गेला आहे: निवडलेल्या मुलांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा जास्त. ग्रामीण महाराष्ट्रात मात्र या हिशेबाची पंचाईत होते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख टाकल्याची असंख्य उदाहरणे आहेत, आणि दुर्गम पाड्यांत ती अधिक. कागदावर एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांत प्रत्यक्षात दीड वर्षाचे अंतर असू शकते. यावर क्रीडा संघटना मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढतात. ही पद्धत वय चोरणाऱ्यांना पकडण्यासाठी वापरली जाते. पण तिचा दुसरा उपयोग होतकरू मुलासाठी अधिक मोलाचा आहे. पंधरा वर्षांच्या एखाद्या मुलाची हाडे तेरा वर्षांची निघाली, तर त्याची वाढ अजून व्हायची आहे, आणि आज तो अंगाने कमी पडतो म्हणून त्याला वगळणे चूक ठरेल.

मुलांची उंची सर्वाधिक वेगाने वाढते ती साधारण साडेतेरा-चौदाव्या वर्षी. त्या काळात हातपाय लांबतात, तोल बिघडतो आणि वर्षभरापूर्वी सहज जमणारी चढाई अडखळते. अशा वेळी खेळ घसरला म्हणून मुलाला बाजूला सारणे ही प्रशिक्षकांकडून होणारी नेहमीची चूक. आई-वडिलांची उंची, बसलेल्या मुलाची उंची आणि पायांची लांबी यांवरून वाढ कुठल्या टप्प्यावर आहे याचा अंदाज बांधता येतो. त्याला लागते फक्त एक टेप आणि एक बाकडे.

मणिबेलीच्या परिसरात शरीराच्या प्रश्नाला आणखी दोन पदर आहेत. नंदुरबार हा कुपोषणासाठी वारंवार चर्चेत येणारा जिल्हा. लहानपणी अन्न कमी पडले तर वाढ खुंटते आणि उशिराही होते. पहिल्याची भरपाई पूर्ण होत नाही, दुसऱ्याची होऊ शकते, आणि सोळाव्या वर्षी मुलाकडे नुसते पाहून दोहोंत फरक करता येत नाही. दुसरा पदर सिकलसेलचा. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजांत हा आनुवंशिक रक्तदोष तुलनेने जास्त आढळतो. आजार असलेल्या मुलाला स्पर्धात्मक कबड्डी झेपत नाही. नुसता वाहक असलेला मुलगा मात्र बहुधा व्यवस्थित खेळू शकतो. कडक उन्हात, पाणी न पिता, एकदम जोराचा सराव करण्यात त्याला धोका असतो. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांत २०१० पासून ही तपासणी सक्तीची होत गेली. आश्रमशाळेतल्या खेळाडूची रक्ततपासणी सरावाआधी झाली तर थकवा येतो म्हणून त्याला आळशी ठरवण्याचे प्रकारही कमी होतील.

डोंगरात वाढलेली मुले काटक, म्हणून ती कबड्डीत चमकणारच, असा एक समज आहे. तो निम्मा खरा आहे. चढ-उतार रोज पायाखाली घालणाऱ्या मुलाचा दम मोठा असतो; त्याचा सरळ फायदा लांब पल्ल्याच्या धावण्यात होतो. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षीच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले ते या बळावर. कबड्डीची मागणी निराळी. चढाई ३० सेकंदांची, तीतला निर्णायक झटका एक-दोन सेकंदांचा, आणि मग काही चढायांची विश्रांती. इथे लागते ती स्फोटक ताकद, झटकन दिशा बदलणे आणि चार जणांनी घेरल्यावर मध्यरेषेपर्यंत ओढून नेणारे वजन. म्हणून अशा मुलाची चाचणी ३००० मीटर धावायला लावून घेऊ नये. उभ्या जागेवरून उडी, ३० मीटर धाव आणि दहा मीटरच्या सहा फेऱ्या या तीन साध्या मोजमापांतून कबड्डीच्या कामाचे पुष्कळ कळते. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांतही याच जातीची मोजमापे असतात.

यानंतर प्रत्यक्ष खेळ. चढाईपटूचे गुण सगळे मोजतात, कारण ते फलकावर लागतात. जाणकार पाहतात ते गुण कसे आले ते. बोनस रेषा ओलांडून मिळणारा गुण समोर सहा किंवा सात गडी असतानाच मिळतो. त्यामुळे बोनसवर जगणारा मुलगा समोर चार गडी उरल्यावर काय करतो, हे वेगळे बघावे लागते. लीगमध्ये सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ असते: गुण नाही मिळाला तर चढाईपटू बाद. शालेय सामन्यात बिनधास्त खेळणारा मुलगा या चढाईत कसा वागतो, यावर मोठ्या संघाचा प्रशिक्षक सर्वांत जास्त लक्ष देतो. हाताने गडी टिपणे, पायाचे बोट लांबवणे, मागे लाथ मारणे, साखळीच्या खालून डुबकी मारून निसटणे, यांपैकी एकच हत्यार असेल तर जिल्ह्यात भागते. राज्यस्तरावर समोरचा संघ दुसऱ्या सत्रात ते ओळखतो. म्हणून एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या दोन सामन्यांत मुलगा कसा खेळला हे पाहणे दहा वेगवेगळ्या सामन्यांपेक्षा उपयोगी पडते. दुसऱ्या सामन्यात त्याने नवे काही काढले का?

बचावपटूची पारख अधिक कठीण आणि अधिक दुर्लक्षित. कोपऱ्यात उभा राहून घोटा धरणारा किंवा पट काढणारा मुलगा दिसतो. आतल्या बाजूला कव्हरला उभा राहून चढाईपटूला कोपऱ्याच्या हातात ढकलणारा दिसत नाही. पकडींच्या आकड्याइतकाच अनावश्यक झेपांचा आकडा महत्त्वाचा. घाईत पुढे झेपावून स्वतः बाद होणारा कोपरारक्षक मोठ्या संघाला परवडत नाही. तीन किंवा कमी गडी मैदानात असताना केलेल्या यशस्वी पकडीला दोन गुण मिळतात. अशा वेळी शांत राहणारा मुलगा सापडला तर तो जपून ठेवावा. खोऱ्यातल्या मुलांना नेहमी चढाईपटू म्हणूनच पुढे आणले जाते, कारण जत्रेत टाळ्या चढाईला मिळतात. लांब हाताच्या, मजबूत मनगटाच्या मुलाला पंधराव्या वर्षी उजव्या किंवा डाव्या कोपऱ्यात उभे करून पाहिले, तर त्याची शक्यता वाढते. गर्दी चढाईच्या रांगेत जास्त असते.

माती आणि मॅट यांतला फरकही विसरू नये. मोठ्या स्पर्धा मॅटवर, बूट घालून होतात. मॅटवर पाय जास्त पकडतो, वळण झटपट मिळते आणि घोट्या-गुडघ्यावर ताणही जास्त येतो. आयुष्यभर अनवाणी मातीत खेळलेला मुलगा पहिल्यांदा मॅटवर आला की पहिले काही सामने बिचकतो. ते सामने पाहून त्याच्यावर शिक्का मारणे अन्यायाचे आहे.

आकड्यांबद्दल थोडे गणित. एका मुलाने २० चढायांपैकी १० यशस्वी केल्या, म्हणजे निम्म्या. इतक्या कमी नमुन्यावर त्याची खरी क्षमता साधारण २८ टक्क्यांपासून ७२ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. तेच प्रमाण २०० चढायांवर टिकले, तर पट्टा ४३ ते ५७ टक्क्यांपर्यंत आकुंचन पावतो. एखाद्या शहरी क्लबमधल्या मुलाला २०० चढाया एका हंगामात मिळतात. मणिबेलीच्या मुलाला वर्षाकाठी तालुका आणि प्रकल्पस्तरावरचे मोजके सामने मिळतात, तेही हरले की संपले अशा पद्धतीचे. त्याच्याविषयीचा पुरावाच तोकडा असतो. तोकड्या पुराव्याचा अर्थ मुलगा कमी दर्जाचा असा होत नाही, पण निवड समितीच्या टेबलावर नेमके तसेच होते: ज्याचे दोनशे आकडे आहेत तो ‘सिद्ध’ आणि ज्याचे वीस आहेत तो ‘कच्चा’. या परिसरातल्या मुलांची शक्यता कमी ठरते ती बहुतांशी इथे.

इतके सगळे जमून आले तरी शेवटी प्रश्न उरतो संघाच्या गरजेचा. लिलावात खेळाडू चार गटांत असतात. २०२३ च्या लिलावात मूळ किंमत अ गटाची ३० लाख, ब ची २० लाख, क ची १३ लाख आणि ड ची ९ लाख होती. त्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. बातमी होते ती अशा रकमांची. होतकरू मुलाशी मात्र त्यांचा संबंध नाही. त्याचे दार वेगळे. संघांना लिलावाबाहेर ‘नवे तरुण खेळाडू’ म्हणून कोवळे खेळाडू घेता येतात, आणि बहुतेक नव्या मुलांचा प्रवेश याच दारातून होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार असाच पुणेरी पलटणमध्ये आला. दहाव्या हंगामात तो संघाचा कर्णधार होता. १ मार्च २०२४ रोजी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८–२५ ने हरवून पहिले विजेतेपद मिळवले, आणि हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडूही अस्लमच ठरला. त्याआधी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता, आणि त्याच्यासोबत नाशिकचा आकाश शिंदेही.

वयाबद्दलचे ठाम नियम खेळाडूच मोडून काढतात. हरियाणाचा परदीप नरवाल २०१५ मध्ये अठराव्या वर्षी बंगळूरू बुल्सकडून लीगमध्ये उतरला आणि त्या हंगामात फारसा दिसला नाही. पुढे पाटणा पायरेट्सने त्याला मुख्य चढाईपटूची जागा दिली आणि २०१७ च्या हंगामात त्याने चढाईत ३६९ गुण मिळवले. मुलगा तोच, संघातली जागा बदलली. उलट कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई पंचविशी ओलांडल्यावर, २०१८ मध्ये, यू मुंबाकडून पहिल्यांदा लीग खेळला. त्या एका हंगामात त्याने दोनशेहून अधिक गुण घेतले आणि पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये दिले. नंतर खांद्याच्या दुखापतीने त्याचा जवळजवळ एक अख्खा हंगाम गेला. चढाईपटूचा खांदा आणि गुडघा, बचावपटूची बोटे आणि घोटा: पारख करताना जुन्या दुखापतींची चौकशी केलीच पाहिजे, कारण आश्रमशाळेत मुरगळलेला गुडघा बहुधा हळद लावून बरा केलेला असतो.

एखादा ठळक शारीरिक गुण पाहून भारावून जाणे किती फसवे असते, याचे सर्वांत मोठे भारतीय उदाहरण बास्केटबॉलमधले आहे. पंजाबमधल्या बल्लोके गावचा, सात फुटांहून उंच सतनाम सिंग भामरा २०१५ मध्ये अमेरिकेच्या एनबीएच्या निवड प्रक्रियेत डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवडला. निवडला गेलेला तो पहिला भारतीय. एनबीएचा एकही सामना मात्र तो खेळला नाही. निवड होणे, संघात राहणे आणि मैदानात उतरणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर गळती आहे. प्रो कबड्डीतही करार मिळून संपूर्ण हंगाम बाकावर काढणारे नवखे खेळाडू प्रत्येक संघात असतात.

मुलींचे गणित आणखी तंग आहे. प्रो कबड्डीच्या धर्तीवर २०१६ मध्ये महिलांची एक छोटी स्पर्धा झाली, ती नियमित लीग झाली नाही. भारतीय महिलांनी आशियाई सुवर्ण जिंकले, तरी मणिबेलीच्या मुलीसाठी व्यावसायिक संघाची जागा हे आज लक्ष्यच असू शकत नाही. पोलीस, रेल्वे आणि बँकांचे संघ हेच तिचे वास्तव. मुलांपैकी बहुतेकांचेही तेच. महाराष्ट्रातल्या व्यावसायिक गटाच्या स्पर्धांत आस्थापनांचे संघ खेळतात आणि तिथे खेळाडूला पगार मिळतो, खेळातून निवृत्त झाल्यावरही नोकरी राहते.

या सगळ्याचा व्यवहारात अर्थ असा. बाराव्या वर्षी मणिबेलीच्या मुलाबद्दल काहीही ठरवू नये. त्याला कबड्डी, खो-खो, धावणे सगळे खेळू द्यावे. पंधराव्या वर्षी वाढ कुठे आहे ते मोजावे, रक्त तपासावे आणि जिल्हा संघटनेच्या किशोर निवड चाचणीला न चुकता पाठवावे. सतरा-अठराव्या वर्षी मॅटवर, तगड्या संघांविरुद्ध किमान एक पूर्ण हंगाम खेळल्यावरच शक्यतेचा अंदाज बांधावा, आणि त्यासाठी त्याला नंदुरबार, नाशिक किंवा पुण्याच्या एखाद्या क्लबमध्ये राहावे लागेल, हे घरच्यांना आधी सांगावे. प्रो कबड्डीची जागा मिळण्याची शक्यता तेव्हाही थोडीच असेल. पण खेळाचा उपयोग नोकरीसाठीही होतो: महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते आणि त्याची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते, म्हणून जिल्हा आणि राज्य स्पर्धांचा प्रत्येक कागद पहिल्या सामन्यापासून शाळेच्या दप्तरात जपून ठेवावा.